उम्मे सलमाचा अर्ज

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. कॅरी, अमेरिका

आधी सगळ्यांची खुशाली. प्रफुल्ल, मान कशी आहे रे आता? तोंडावर विचारलं की "फाइन" म्हणतोस आणि लॅपटॉपकडे वळतोस, म्हणून इथं विचारते. उपासना, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतेस ना, की मीटिंगच्या नादात कॉफीनंतर? अदिती बाळा, दाताच्या तारा आवळल्यापासून नीट जेवत नाहीस, भाताची पेज करून देऊ का? वर्ध्याच्या उत्तरावहिनी, डोळ्यावरची पट्टी निघाली का? आणि अहो, तुमची काय खुशाली विचारायची, फोटोत बरे दिसता.

माझं म्हणाल तर गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी ठीक. वही काढली कारण मनातलं बोलायला घरात कोणाला सवड नाही.

लायब्ररीत गुरुवारी इंग्रजीचा वर्ग असतो, तिथं माझ्या शेजारी सेनुआरा बसते. ती रोहिंग्या. म्हणजे बर्मातल्या अराकानची मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तिथली भातशेती केली, आणि सरकारनं कायदा करून सांगितलं की तुम्ही इथले नाहीच, बाहेरून आलेले बंगाली आहात. पुढच्या गावाला जायचं तर परवाना. लग्न करायचं तर परवाना. सात-साडेसात वर्षांपूर्वी सैन्यानं गावं पेटवली तेव्हा ही पोरं उचलून बांगलादेशात पळाली. तिथल्या छावणीत साडेपाच वर्षं काढली, मग इथं आली. नवरा अयास कोंबड्यांच्या कारखान्यात जातो. थोरली पोरगी मात्र तिकडेच राहिली, कारण पळताना ती आजीबरोबर होती आणि आजीच्याच छावणीतल्या कार्डावर तिचं नाव चढलं. आता आजी वारली. सतरा वर्षांची पोर चुलत्याच्या झोपडीत आहे.

इथं आल्यापासून दोन वर्षांच्या आत मुलीसाठी अर्ज करता येतो. वीस तारखेला दोन वर्षं पुरी होतात. लायब्ररीत येणाऱ्या फुकट वकिलाची पुढची तारीख मार्चमधली. मी सेनुआराला म्हटलं, "मैं भरती तेरा फॉर्म. फिकर मत कर."

११ फेब्रुवारी

अर्ज गेला. पोस्टात स्वतः जाऊन टाकला.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण वर्ध्याला आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचे फॉर्म मी भरलेत. रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधारांची पेन्शन. एकही परत आला नाही. कारण मला एक गोष्ट पक्की कळली होती, चौकट रिकामी ठेवायची नाही. साहेबाला रिकामी चौकट दिसली की त्याला हाकलायला निमित्त मिळतं.

सेनुआरा म्हणाली, पोरीचं नाव उम्मे सलमा. मी म्हटलं, आडनाव? तर नाही. मध्ये बापाचं नाव? ते लावतच नाहीत. आता तीन चौकटींत एवढंसं नाव कसं बसवायचं? शेवटी मीच नीट लावून दिलं. नाव सलमा, मध्ये बापाचं म्हणून अयास, शेवटी आईचं आहे तेच बेगम. उम्मे हे आपण कुमारी लावतो तसलं काही असावं, ते गाळलं. कसं भरगच्च दिसायला लागलं! वाचून दाखवलं, विचारलं, "ऐसा बराबर है ना?" तर म्हणाली, "जी खाला." फार समजूतदार बाई आहे. कशालाच नाही म्हणत नाही.

प्रफुल्ल म्हणाला, "आई, हे वकिलाचं काम आहे गं." मी म्हटलं, तुझ्या शाळेचे, स्कॉलरशिपचे फॉर्म कोणत्या वकिलानं भरले होते?

२३ फेब्रुवारी, रविवार

एका पोरीच्या अर्जानं काय होणार? लाखो माणसं तिकडे चिखलात बसलीत. म्हणून इथल्या खासदाराच्या नावानं निवेदन लिहिलं. रोहिंग्यांना त्यांच्या देशात नागरिक म्हणून धरा असं इथल्या सरकारनं बर्माला ठणकावून सांगावं, छावणीतलं रेशन तोडू नये आणि जानेवारीपासून बंद केलेली निर्वासितांची विमानं पुन्हा सोडावीत. मराठीत मी लिहिलं, इंग्रजी उपासनानं केलं. ती कामाची पोर आहे, फक्त म्हणाली, "माझं नाव कुठं येऊ देऊ नका, आई."

आज वंदनेनंतर कागद फिरवला. आमचा मैत्री संघ दर रविवारी बर्मी विहाराच्या हॉलमध्ये जमतो. विवेक अध्यक्ष. नागपूरचा, औषधाच्या कंपनीत मोठा साहेब आहे. माझ्या ताटाकडे पाहत आला.

"मावशी, भजी तुमचीच ना?"

"भजी खा आणि इथं सही कर."

त्यानं वाचलं. भजं हातातच राहिलं. "मावशी, आपण बसलोय कोणाच्या हॉलमध्ये?"

"बुद्धाच्या."

"बुद्धाच्या खरं, पण चावी भंतेजींकडे आहे. ते बर्मी, त्यांचे सगळे उपासक बर्मी. त्यांच्याच घरात बसून त्यांच्याच देशाची तक्रार लिहायची?"

"देशाची नाही रे, जुलमाची."

"ते तुम्ही त्यांना समजावा. मला हॉल टिकवायचाय."

अपर्णा विद्यार्थिनी आहे. ती हात मागे घेऊन म्हणाली, "मावशी, मी व्हिसावर आहे यार. सध्या काय चाललंय तुम्हाला माहीत नाही. एका सहीनं माझं सगळं कॅन्सल होईल." तिला काय बोलणार? पण ज्यांची घरं आहेत, दोन-दोन गाड्या आहेत, अमेरिकेचे निळे पासपोर्ट आहेत, तेही चपला शोधायला लागले.

एकूण सह्या दोन. एक माझी. दुसरी पुरुषोत्तमकाकांची, त्यांना वाटलं पुढच्या रविवारच्या जेवणाची यादी आहे.

गाडीत प्रफुल्लला म्हटलं, तूसुद्धा कागद घडी घालून परत दिलास. तर म्हणे, "आई, तू सिटिझन नाहीस. ग्रीन कार्डवर आहेस. पुढच्या वेळी वर्ध्याहून येताना तुला एअरपोर्टवर बसवून ठेवलं तर?"

"मग तू कर ना. तू तर सिटिझन आहेस."

त्यानं सिग्नल दिला आणि लेन बदलली. घर येईपर्यंत तोच टिकटिक आवाज कानात. ह्याचे आजोबा गावच्या विहिरीवर ताठ उभे राहिले होते. कुठं पाझरून गेलं सगळं, कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

खासदाराच्या ऑफिसला फोन केला. चौथ्यांदा. एक गोड आवाजाची मुलगी दर वेळी म्हणते, "थँक यू फॉर शेअरिंग युवर कन्सर्न." मी म्हटलं, कन्सर्न शेअर नाही केलं, काम सांगितलंय. तर पुन्हा थँक यू. ह्या देशात माणसाला हाकलतातसुद्धा इतकं मऊ की बाहेर पडून चार पावलं गेल्यावर कळतं.

लायब्ररीत सेनुआराचं तोंड उतरलेलं होतं. छावणीतलं रेशन निम्म्यावर येणार अशी आवई आहे. दिरानं निरोप पाठवलाय की बकरी ईदनंतर पोरीचं लग्न लावून देतो, खाणारं एक तोंड कमी होईल. नवरा बघितलाय, चाळीस वर्षांचा, आधीची बायको आहे.

"तू क्या बोली?" मी विचारलं.

"बोली, अर्जी गई है। थोड़ा ठहरो।"

सगळा भार त्या अर्जावर आहे. आणि तो अर्ज कुठल्या तरी टेबलावर धूळ खात पडलाय.

३० मार्च, रविवार

शुक्रवारी बर्मात मोठा भूकंप झाला. मंडालेकडे देवळं, विहार, इमारती पडल्या. आज विहारात आमची सगळी मंडळी धावली. औषधं, ताडपत्र्या, कपडे. विवेकनं तासाभरात याद्या केल्या, माणसं वाटून दिली. मीही दुपारभर बसून चादरींच्या घड्या घातल्या. मेलेल्या माणसाचा देश कुणी विचारत नाही, विचारूही नये.

पण घड्या घालता घालता माझं डोकं तापत गेलं. धरणी हलली तर ह्यांना रडू येतं, बंदूकवाले आले तर हॉलची चावी आठवते. विवेकला म्हटलं, तर म्हणाला, "मावशी, भूकंपाला बाजू नसते. प्लीज, आज नको."

६ एप्रिल, रविवार

गेले सरळ भंतेजींकडे. अंगणभर पाइनच्या झाडांची पिवळी पूड पडली होती आणि ते पाइपानं पायऱ्या धूत होते. बोधगयेला आठ वर्षं राहिलेत, त्यामुळे हिंदी छान बोलतात. मला खुर्ची दिली, चहा आणला. मी निवेदन पुढे केलं.

त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अम्मा, मेरी बहन सगाईंग में है। घर भूकंप में गिरा, अभी प्लास्टिक के नीचे सोती है। इस काग़ज़ पर मेरा नाम गया तो फ़ौज वहाँ जाएगी।"

मी म्हटलं, "नाव नका देऊ. रविवारी दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील."

"क्या बोलूँ?"

"की ही माणसं आहेत."

त्यांनी उठून पाइपाचा नळ बंद केला. "हमारे गाँव में उनको बंगाली बोलते थे। मैं भी बोलता था। मुझे एक भी ऐसा आदमी याद नहीं जिसको मैं जानता था।" एवढंच बोलले. चहा संपला तसा कप घेतला आणि पुन्हा पायऱ्या धुवायला लागले.

धड रागावताही येईना. उठून आले.

१० एप्रिल

विवेकचा फोन. "मावशी, जयंतीच्या प्रोग्रॅममध्ये या वर्षी तुमचं भाषण ठेवत नाही आहोत. टाइम फार कमी आहे."

"किती कमी?"

"म्हणजे... डान्सच अकरा आहेत."

१९ एप्रिल, शनिवार

अकरा डान्स झाले. अदितीचाही होता, पोर गोड दिसली. स्टेजवर बाबासाहेबांचा फोटो हारांनी पार झाकून गेला होता. मी मागच्या रांगेत बसून माझं भाषण मनातल्या मनात म्हटलं. साडेचार मिनिटांचं झालं. एका डान्सपेक्षा कमी.

२२ मे, गुरुवार

आज इमिग्रेशनचं पत्र आलं! सेनुआरा पाकीट न फोडताच लायब्ररीत घेऊन आली, म्हणाली, "खाला, आप खोलो।"

उघडलं. इंग्रजी जड होतं पण मतलब कळला. तुमच्या जुन्या फाइलमध्ये सलमा अयास बेगम नावाची कोणी मुलगी नाही. ही मुलगी तुमचीच आहे हे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुराव्यानिशी दाखवा, नाही तर अर्ज फेटाळू.

काय माणसं आहेत! एवढे कॉम्प्युटर, एवढे साहेब, आणि एक पोरगी सापडत नाही! आईनं दहा वेळा मुलाखतीत सांगितलं असणार. घरी येऊन संतापानं भांडी आदळली. उपासना म्हणाली, "आई, डिशवॉशर आहे." मी म्हटलं, आज मला आवाज पाहिजे.

पुढच्या गुरुवारी वकीलबाई येणार आहे. साहेबांची चूक तिच्याकडून त्यांच्याच तोंडावर फेकवते.

२९ मे, गुरुवार

वकीलबाईचं नाव नीना. तरुण आहे, गुजराती, हिंदी बोलते. तिनं पत्र वाचलं, मग सेनुआराकडून तिच्या मुलाखतीच्या वेळचे कागद मागून घेतले. त्यात मुलांच्या रकान्यात लिहिलं होतं, उम्मे सलमा. आजीच्या छावणीतल्या कार्डाचा फोटो फोनमध्ये होता. त्यातही उम्मे सलमा.

"तो ये सलमा अयास बेगम कौन है? ये नाम किसने लिखा?"

मी लगेच सांगितलं नाही. ही लाजसुद्धा इथं लिहून ठेवते.

मग सांगितलं. नीना ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आडनाव नसलं तर ती चौकट कशी भरायची याची रीत ठरलेली आहे. नवा अर्ज करता येणार नाही, दोन वर्षं उलटून गेली. आता हाच अर्ज दुरुस्त करायचा, शपथपत्रं लावायची. मानतील किंवा नाही मानणार.

मी सेनुआराला म्हटलं, "अगं, तुला कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?" मराठीतच बोलून गेले.

तिला समजलं. "खाला, बर्मा में हम को बंगाली लिखा। छावनी में जो साहब को जैसा सुनाई दिया वैसा लिखा। हवाई जहाज़ के काग़ज़ पे मेरे नाम के आगे क्या क्या लिखा, मुझे पढ़ना नहीं आता। सब लोग अपने हिसाब से लिखते हैं। मैं सोची, आपका भी हिसाब होगा।"

आज एवढंच.

१ जून, रविवार

वंदनेला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणाले.

प्रफुल्लला सांगितलं. त्याच्या तोंडाशी काय आलं होतं ते मला दिसलं, पण त्यानं गिळलं. विचारलं, "फॉर्मची कॉपी ठेवलीस?" नाही ठेवली. उठून फ्रीजपाशी उभा राहिला, काही न घेता परत आला. मग म्हणाला, "शपथपत्रात तुलाही लिहावं लागेल की नाव तू बदललंस. गव्हर्नमेंटच्या फॉर्मवर. तुझ्या सहीनं."

"लिहीन."

"आई, नीनाशी आधी मी बोलतो. तुझ्यावर काही येणार नाही ना, ते विचारतो."

बघा, ह्याला अजून सहीचीच पडली आहे. तिकडे पोरीच्या लग्नाला आठवडा राहिलाय, आणि हा विचारतो आईवर काय येईल. चिडून त्याच्याशी बोललेच नाही. संध्याकाळी बघते तर बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होता, तासभर.

५ जून, गुरुवार

काल सरकारनं बारा देशांच्या लोकांना यायला बंदी केली. त्यात बर्मा आहे.

सेनुआरानं मला विचारलं, "खाला, बर्मा बोलता है हम बर्मा के नहीं। तो ये बंद हम पे कैसे लगेगा?"

मी नीनाला विचारलं. नीना म्हणाली, लागू होते की नाही ते तिलाही आज सांगता येत नाही. म्हणजे बघा. मत द्यायला, शेत कसायला, शाळेत बसायला ही त्या देशाची नाही. दार लावून घ्यायचं म्हटलं की त्या देशाची होऊ शकते. मी सत्तरी ओलांडली, पुष्कळ लबाड्या पाहिल्या, पण ही नवी.

माझं शपथपत्र झालं. नोटरीपुढे प्रफुल्लनं नेलं. सही करताना तो माझ्यामागे उभा होता, नुसता उभा. उद्या बकरी ईद.

८ जून, रविवार

ईद झाली. दिरानं लग्न लावलं नाही. पण सोडलंही नाही. सेनुआरानं फोनवर त्याच्या पाया पडून मुदत मागितली तेव्हा म्हणाला, ऑगस्टपर्यंत थांबतो, मग मला विचारू नका.

आज विहारात गेले. निवेदन घेऊनच. विवेकनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. उपासना माझ्याजवळ आली आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं सही केली. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन झाल्या. पुरुषोत्तमकाकांची धरली तर.

१५ जून, रविवार

नीनाला पोरीच्या स्वतःच्या हातचा लेखी जबाब पाहिजे. छावणीतल्या शाळेत ती थोडं इंग्रजी शिकली आहे. म्हणून आज तिला पत्र लिहिलं. सेनुआरा ते तिच्या भाषेत फोनवर बोलून पाठवणार आहे, पण मला आधी माझ्या भाषेत नीट लिहायचं होतं. ते असं:

उम्मे सलमास,

मी गिरजाबाई. तुझी आई मला खाला म्हणते. तुझा अर्ज मी भरला आणि चुकीचा भरला. मला वाटलं, तुझं नाव अपुरं आहे, म्हणून मी त्यात माझ्या पदरचं घातलं आणि तुझं काढून टाकलं. त्यामुळे इथले साहेब म्हणतात, अशी मुलगी नाहीच. चूक त्यांची नव्हती, माझी होती. रागाव, पण नंतर रागाव, आधी काम आहे.

कोऱ्या कागदावर तुझं नाव लिही, जसं तू स्वतः लिहितेस तसं. आजीचं नाव, आजीच्या कार्डाचा नंबर, आणि आगीच्या दिवशी तू तिच्याबरोबर कशी राहिलीस ते. तुझ्या शब्दांत लिही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, कोणी सुधारणार नाही. मी तर हातही लावणार नाही.

आणखी एक. आई म्हणते तुला इथं आणायचं, चुलते म्हणतात तिकडेच लग्न लावायचं, नीना म्हणते शपथपत्र पाहिजे, मी म्हणते निवेदन पाहिजे. चार महिने आम्ही सगळे तुझ्यासाठी धावतोय आणि तुला काय हवंय ते आमच्यापैकी एकानंही विचारलेलं नाही. आज तुझ्या आईकडे चौकशी केली तर तिनंही तुला विचारलेलं नव्हतं. तेव्हा तेही लिही. यायचं असलं तर लिही, नसलं तर तसं लिही, भीती वाटत असली तर तीही. चुलत्यांना दाखवायचं नसलं तर शाळेच्या बाईंच्या फोनवरून पाठव.

ऑगस्ट जवळ आलाय. तिकडे पाऊस सुरू झालाय, फोन लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पोरी, लवकर लिही. एकच ओळ लिहिलीस तरी चालेल, पण लवकर लिही.